बाईंचे गुडघे

मी आज जो काही आहे तो आमच्या गावच्या, उंद्रीच्या शाळेतल्या वानखेडे बाईंमुळे. त्यांच्या बाबतीत मी जे केलं ते परवा-परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही.

दहावीत वडिलांनी मला शाळेतून काढलं, तेव्हा बाई रोज आमच्या शेतापर्यंत चालत आल्या. आठ दिवस, वडील हो म्हणेपर्यंत. घरात पदवी घेणारा मी पहिला. आता पुण्यात प्रयोगशाळेत आहे. माणसाच्या मूळ पेशींपासून कूर्चा वाढवतो — गुडघ्यात हाडावर हाड घासू नये म्हणून असते ती गादी.

गावानं शाळेत सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईक. आणि मी काय बोललो? दोन वर्षांत गुडघे बदलावेच लागणार नाहीत, आमच्या पेशी नवी कूर्चा देतील. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात आमचे पेशींचे ज्वारीच्या दाण्याएवढे गोळे मी तपासले होते. कॅल्शियम दाखवणारा लाल रंग चढला होता — कूर्चा नव्हे, हाड बनत होतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे मला माहीत नव्हतं? होतं.

खाली उतरलो तर बाई म्हणाल्या, अकोल्याला ऑपरेशनची तारीख घेतली होती, ती रद्द करते.

"तुहे गुडघे येऊन राह्यले न, मंग मी कायले कापून घेऊ, लेका?"

सगळे हसले. मीही हसलो.

बाई, करून घ्या — एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? खांद्यावर शाल होती म्हणून?

पुढं दर दिवाळीला त्या विचारायच्या, कुठवर आलं. मी सांगायचो, होत आलंय. चार दिवाळ्या. संशोधनाला वेळ लागतो हे खरं आहे — आणि त्या खऱ्याच्या आड मी लपलो, याची सगळ्यात जास्त चीड येते. यंदा त्यांचं हृदय इतकं थकलं की डॉक्टरांनी भूल द्यायला नकार दिला. बाई आता घरात बसल्या-बसल्या सरकतात. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माह्या पोराचं काम चालू हाये. थोबाडीत मारावी तर कुणाच्या?

सोमवारी त्यांना पत्र टाकलं :

'बाई, नमस्कार. सत्काराच्या दिवशी मी खोटं बोललो. आमचं काम फसलं होतं आणि मला ते माहीत होतं. तुम्ही तारीख रद्द करते म्हणालात, तेव्हाही माहीत होतं. दर दिवाळीला माहीत होतं. तुम्ही चालू शकला असता. ते माझ्यामुळे गेलं. पत्राखाली "आपला आज्ञाधारक" लिहायला तुम्हीच शिकवलंत. लिहीत नाही.

दीपक'