आत्याची पेटी आणि कालव्यावरचा पूल

इंदापूरहून बाजाराला आलेला एक गृहस्थ संध्याकाळी आमच्या बारामतीच्या घरी डोकावला आणि दारातूनच म्हणाला, "तुमच्या लेकीचे दिवस भरल्यात. उद्याच्या पहिल्या गाडीनं या म्हणलंय." एवढं बोलून तो पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

लेक म्हणजे माझ्या आत्याची मुलगी. आत्या तरुणपणीच माहेरी परत आलेली आणि आमच्याकडेच राहणारी. आत्तेबहिणीचं पहिलं बाळंतपण आत्यानं आमच्याच घरी केलं होतं. या दुसऱ्या वेळी मात्र तिला सासर सोडून येता येत नव्हतं. घरात सासू नाही, दारात जनावरं, आणि शेतात वांगी-टोमॅटोची तोड चाललेली. म्हणून आत्यानंच तिकडे जायचं ठरलं होतं. पत्र्याची पेटी भरून तयारच होती. तिच्यात डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांची दुपटी, बाळंतशोपा, आणि तळाशी चक्क पाटा-वरवंट्यातला वरवंटा. "तिचा गुळगुळीत झालाय," असं आत्याचं म्हणणं. मी त्याच वर्षी मॅट्रिक झाले होते आणि घरात रिकामीच होते, म्हणून सोबतीला माझी नेमणूक झाली.

एसटी सुरू होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. लोक गाडीत चपला काढून बसत. आम्ही पुढच्या बाकावर जागा धरली, पेटी पायाशी ठेवली आणि निघालो. लासुर्ण्याच्या अलीकडे कालव्यावर एक अरुंद पूल होता. तिथे गाडी थांबली ती थांबलीच.

पुलाच्या मधोमध दोन बैलगाड्या समोरासमोर उभ्या होत्या. आमच्या बाजूची उसानं शिगोशीग भरलेली, कारखान्याकडे निघालेली. समोरची कारखान्यावरून ऊस टाकून परत येणारी, रिकामी. बैलांची तोंडं एकमेकांना लागलेली. ते चौघे बिचारे शांतपणे एकमेकांचा वास घेत होते. भांडण होतं ते माणसांचं.

"भरल्या गाडीला वाट द्यायची रीत हाय," उसवाला म्हणत होता.

"रीत मला नगं सांगू. पुलावर आधी कोन चढलं?" रिकामा गाडीवान म्हणत होता.

पाहता पाहता आमच्या गाडीतले निम्मे लोक खाली उतरले. कालव्यापलीकडे बाभळीखाली इंदापूरहून आलेली दुसरी एसटी उभी होती, तिच्यातलेही उतरले. मला वाटलं, आता एवढे लोक जमलेत तर दोन मिनिटांत वाट मोकळी होईल. पण लोकांनी तर पंचायतच मांडली. पांढऱ्या मिशांचे एक तात्या कठड्यावर बसले आणि तंबाखू मळत म्हणाले, "आधी कोन चढलं ह्येचा निकाल लावा. मग म्होरचं बघू." त्यावर साक्षीदार शोधणं सुरू झालं. कुणी म्हणालं, पाटलाला बोलवा. एकानं तर आमच्या ड्रायव्हरला विचारलं, "तुमी बघितलं असंल." ड्रायव्हर म्हणाला, "आमी आत्ता आलो की." "मग तुमी मधी बोलू नका," असं त्याला सांगण्यात आलं. तो बापडा बोललाच नव्हता.

मला राहवेना. मी पुढे होऊन म्हटलं, "रिकाम्या गाडीचे बैल सोडा आणि गाडी हातानं मागं ढकला. हलकी तर आहे."

तात्या म्हणाले, "पोरगी शिकल्याली दिसती." आणि पुन्हा साक्षीदारांकडे वळले.

रिकामा गाडीवान तेवढा छाती पुढे काढून मला म्हणाला, "माझे बैल आजपतुर कुनाम्होरं मागं सरलं न्हाईत."

"अहो, बैल नाही, गाडी मागं घ्या म्हणतेय मी."

"गाडी बी त्येंचीच की!"

मी पाय आपटत गाडीकडे आले. आत्या कंडक्टरशी बोलत होती. तिची कल्पना सोपी होती. त्या एसटीतल्या माणसांनी चालत इकडे यावं, आपण तिकडे जावं, आणि दोन्ही गाड्या आल्या वाटेनं परत फिराव्यात. कंडक्टरनं मान हलवली. "तसं करता येत न्हाय, आत्याबाई. ही गाडी इंदापूरची हाय."

"मग ने की इंदापूरला!"

"वाट कुठं हाय?"

"म्हणून तर म्हणतीय, त्या गाडीत बसू."

"ती बारामतीची हाय."

आत्यानं एकदा त्याच्याकडे आणि एकदा आभाळाकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "पोरी, धर त्या कडीला. चालत जाऊ. माझी लेक तिकडं अडलीय." आम्ही दोघींनी पेटीच्या दोन कड्या धरल्या आणि पुलावर चढलो. वरवंट्यामुळे पेटी एका बाजूला कलत होती. उसाच्या गाडीशेजारून कशाबशा सरकत रिकाम्या गाडीपर्यंत पोचलो आणि आत्याचा दम संपला.

"दादा," ती त्या गाडीवानाला म्हणाली, "लेक बाळंत व्हायची हाय माझी. एवढी पेटी गाडीत घालून पल्याड पोचती करा."

तो गडी क्षणात वेगळाच माणूस झाला. "आधी सांगायचं न्हवं का, आये!" म्हणत त्यानं पेटी उचलून गाडीत ठेवली, बैल सोडले, दोघातिघांना हाक मारली आणि गाडी ढकलत पलीकडच्या काठावर नेलीसुद्धा. बैल वळून तिच्या मागोमाग निवांत चालत गेले.

पूल मोकळा झाला. एखाद्याला वाटेल, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. छे! उसवाला तावातावानं ओरडला, "आरं, निकाल लागू दे की आधी!" तात्याही नाराज दिसले. त्यांना नुकताच एक साक्षीदार मिळाला होता.

आम्ही पलीकडे पेटीपाशी पोचलो, तर बाभळीखालच्या एसटीतून आमचे जावई उतरत होते.

आत्यानं विचारलं, "जावईबापू, तुमी हितं?"

"मामी, निरोप पोचला का न्हाय कळंना. म्हनून बगाया निघालो."

"आन् ती?"

"पहाटंपासनं कळा सुरू हायत."

"मग तिच्यापाशी कोन हाय?"

"सुईण हाय. शेजारची म्हातारी हाय. थोरली पोरगी म्हातारीच्याच घरी हाय."

"चला बिगीबिगी," आत्या म्हणाली. तोवर उसाची गाडी पुढे निघून गेली होती आणि तिच्यामागून आमची एसटी पूल ओलांडून आली होती. मी पेटी आत ढकलली, आत्या चढली. जावई मात्र खालीच उभे.

"आता काय?"

"मी बारामतीला जाऊन येतो," ते खाली बघत म्हणाले. "तिकीट काढलंय."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ज्यांना आणायला निघाले त्या आम्ही समोर, आणि हे तिकिटासाठी बारामतीला! मी काही बोलणार एवढ्यात त्यांची एसटी सुरू झाली, आणि हे पळत जाऊन खरोखरच तिच्यात चढले. इंदापूर येईपर्यंत आत्या पदरानं वारा घेत एकच वाक्य पुटपुटत होती, "बघून दिली होती गं मी."

आम्ही घरात पाऊल टाकलं आणि तासाभरात मुलगा झाला. आत्तेबहीण सुखरूप होती. नवऱ्याचा पराक्रम ऐकून ती हसली, मग पोट दुखलं म्हणून हसू आवरून निजली.

दिवेलागणीला जावई परतले. बारामतीला माझ्या आईनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली होती म्हणे, पण त्यांनी घासही खाल्ला नव्हता. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी विचारलं, "हाय ना समदं ठीक?"

"मुलगा झालाय," मी तुटकपणे सांगितलं.

"ती?"

"तीपण बरी आहे."

ते मटकन ओट्यावर बसले. "पहिल्या वक्ताला ती तुमच्याकडं हुती," ते आत्याला म्हणाले. "मला काय ठावं न्हवतं. आज पहाटं वरडाया लागली. सुईणीनं मला भाईर बसवलं, पर भाईर बी ऐकाया येत हुतं. मग एसटीचा हॉर्न वाजला, आन् मी उठून चालायाच लागलो."

आत्या म्हणाली, "मग वढ्यापतुर जायचं. एकदम बारामती?"

"तितं बी ऐकाया यील, असं वाटलं."

दिवसभर तापलेली आत्या तेव्हा पहिल्यांदा हसली. "हातपाय धुवून या," ती म्हणाली आणि बाळ आणायला आत गेली. जावई घाईघाईनं रांजणाकडे गेले आणि हात पुढे करत आले. दोन्ही हातांतून पाणी निथळत होतं, तसेच. मी दोरीवरचा पंचा ओढला आणि त्यांच्या अंगावर टाकला.