नझीरचं वेगळं ताट

कुवेतहून कायमचा परत येताना, विमानतळ ते महाड या रस्त्यात नझीरने बायकोला एकच गोष्ट दोनदा विचारली. "थाळा हाय ना गो घरात? टाकलास तर नाय?"

खतीजाला हसू आलं होतं. त्यांच्या घरी सगळे एकाच मोठ्या थाळ्यात जेवायचे. मधे भाताचा ढीग, त्यावर कालवण, कडेला तळलेले बांगडे आणि भोवती नझीर, खतीजा, मुलगा फुरकान, मुलगी अम्बरीन. तेरा वर्षं नझीर तिकडे ट्रेलर चालवत होता आणि खोलीवर प्लास्टिकच्या डब्यातलं एकटा जेवत होता. फोनवर म्हणायचा, "पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाय."

येताना त्याने मधुमेहही आणला होता. इकडे येऊन तो कशेडी घाटातून ट्रक चालवू लागला. एकदा बुटाने उजवा पाय सोलवटला, पण साखरेने पाय बधिर झालेले, ते त्याला कळलंच नाही. दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी खतीजाला बाजूला घेऊन सांगितलं, "साखर अशीच राहिली तर पुढच्या वेळी गुडघ्यापासून पाय जाईल. भात निम्म्यावर आणा."

तिने भात कमी शिजवला. पण नझीरला आयुष्यभर गाडीवाल्यासारखं भरभर जेवायची सवय. तो आपल्या बाजूचं संपवून मधल्या ढिगापर्यंत पोहोचायचा, मुलं हात मागे घ्यायची आणि अम्बरीन अर्धपोटी उठायची. खतीजा त्याचे घास मोजायला लागली. विसाच्या पुढे मोजणी चुकायची. शुगर होती तिथेच.

जखमेचं ड्रेसिंग करणारी श्रुतिका सिस्टर तिला म्हणाली, "भाभी, एका थाळ्यात कोण किती जेवलं ते कळणार कसं? त्यांना वेगळं ताट द्या, लहान. अर्ध्यात भाजी, पाव भागात भात, पाव भागात मासा नाहीतर डाळ. लहान ताट भरलेलं दिसतं, माणसाला उपाशी ठेवल्यासारखं वाटत नाही."

खतीजाने बाजारातून वीतभर रुंदीचं स्टीलचं ताट आणलं. दोन दिवस ते फडताळात तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दस्तरखानावर थाळा ठेवला आणि नझीरसमोर ते ताट.

नझीर ताटाकडे बघत राहिला. "हे काय?"

"तुमच्या पायासाठी हाय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तेरा वर्षं एकटा जेवलो. आता माझ्याच घरात मला बाजूला काढतेस? मला काय महारोग झालाय?"

तो उठून आपल्या खोलीत गेला. नेहमीचं इन्सुलिन त्याने आधीच घेतलेलं होतं. दहा वेळा बोलावलं तरी जेवायला आला नाही. दुपारी अम्बरीन त्याच्या खोलीत गेली तर तो खाटेवरून खाली पडलेला, अंग घामाने भिजलेलं, जीभ जड, तिला ओळखत नव्हता. खतीजाने साखरेचं पाणी चमच्याने थोडं थोडं पाजलं. निम्मं गळ्यावरूनच ओघळलं. फुरकान रिक्षा घेऊन आला.

दवाखान्यात डॉक्टर तिच्यावरच ओरडले, "इन्सुलिन घेऊन उपाशी ठेवलंत? माणूस गेला असता!"

खतीजा बाहेर पायरीवर बसून राहिली. जास्त खाल्लं तर पाय जाणार, नाही खाल्लं तर जीव जाणार, आणि दोन्ही तिच्याच हातून. तिला रडूही येईना. श्रुतिका तिला बघून बाहेर आली, तेव्हा तिने म्हटलं, "मी नाय करू शकत आता. त्याला वाटतं, मी त्याला घराबाहेर काढला."

श्रुतिका तिच्या शेजारी बसली. म्हणाली, "मग सगळ्यांचीच ताटं लहान करा ना."

नझीर घरी आला त्या दिवशी थाळा माळ्यावर गेला. चार सारखी ताटं, एकमेकांना चिकटून ठेवलेली. भाताला डाव नाही, लहान वाटी. एक वाटी, बस. नझीर तेवढंच जेवला. फुरकान मात्र कारखान्यात आठ तास उभा राहून आलेला. तो आईवर चिडला. "अम्मी, माझा काय गुन्हा? मला भूक लागते." त्या रात्रीपासून तो चूळ भरायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचा आणि टोपातला भात उभ्या उभ्या खायचा. खतीजाला माहीत होतं. ती पाठ करून बसायची.

आठवड्याने नझीरने ते पाहिलं. कुबडी टेकत तो दारात येऊन उभा राहिला. फुरकानचा घास हातातच राहिला.

"चोरून कशाला खातोस?" नझीर म्हणाला. "मी आजारी हाय, तू नाय. बाहेर ये. माझ्यासमोर बस आणि पोटभर खा."

मग तो आपल्या ताटापाशी येऊन बसला. बांगड्याचे काटे काढत मुलाचं जेवण होईपर्यंत थांबला. त्याने दुसरी वाटी मागितली नाही. पुढेही कधी मागितली नाही. भूक लागली की काकडी कापून मागायचा आणि चिडचिड करायचा. एकदा खतीजाला म्हणाला, "रोज पोटात खड्डा पडतो गो. सांगून उपयोग नाय म्हणून सांगत नाय."

साखर उतरली. पण जखम आधीच आत शिरली होती. दीड महिन्याने पाऊल काळं पडलं आणि पनवेलच्या इस्पितळात पुढचं अर्धं पाऊल काढावं लागलं. खतीजाने सर्जनला विचारलं, "एवढं करून काय मिळालं?"

"टाच राहिली, गुडघा राहिला," सर्जन म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वीची साखर असती तर गुडघ्यापासून पाय काढावा लागला असता."

तिला ते पटलं की नाही, तिला सांगता येत नाही. नझीर आता ट्रक चालवत नाही. खास बूट घालून मशिदीपर्यंत जातो आणि येताना दोनदा टेकतो. रोज सकाळी खतीजा त्याचा धड राहिलेला डावा पाय मांडीवर घेते आणि कुठे नवी जखम नाही ना, हे बघायला बोटांच्या बेचक्यांतून बॅटरी फिरवते. तोवर नझीर छताकडे बघत असतो. ती "काय नाय" म्हणेपर्यंत दोघंही श्वास रोखून असतात.