फोटोतला उलटा पाय

“ही मीच आहे,” ग्रेसताई म्हणाल्या. मग चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाल्या, “पण पाय उलटा आहे.”

मी चहाचा कप खाली ठेवला. जुन्या फोटोवर हक्क सांगायला आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुणी रडतं, कुणी वकिलाचं नाव काढतं. आपल्याच दाव्यात स्वतः खोट काढणारं माणूस मात्र पहिल्यांदाच बघत होते. मला ते अजिबात आवडलं नाही. जे लोक फार प्रामाणिक वाटतात त्यांच्याशी मी जरा जपूनच वागते.

माझा करोल बागेत, साड्यांच्या एका दुकानाच्या वर, लहानसा स्टुडिओ आहे. मी जुने फोटो दुरुस्त करते. याला रिस्टोरेशन म्हणतात. फाटलेले, डागाळलेले, वाळवीने खाल्लेले फोटो स्कॅन करायचे आणि त्यावरच्या जखमा एकेक करून भरायच्या. काम बारीक आहे आणि त्यात स्वभाव संशयी होतो. फोटोतली कुठली रेघ खरी आणि कुठली काळाने ओढलेली, हे दिवसभर ठरवत बसल्यावर घरी नवऱ्याचं बोलणंही मी तसंच तपासते, असं त्याचं म्हणणं आहे.

या वेळचं काम एका तरणतलावाचं होतं. त्यांच्या नव्या लॉबीत दिल्लीच्या नामांकित डायव्हर्सचं दालन होणार होतं. डायव्हर म्हटलं की लोकांना पाठीवर नळकांडं बांधून समुद्रात उतरणारी माणसं आठवतात. हे ते नव्हेत. हे उंच फळीवरून उडी घेऊन, हवेत कोलांट्या मारून, कमीत कमी पाणी उडवत आत शिरणारे. पोहणाऱ्यांची नावं निदान पेपरात तरी येतात, यांची कुणी लक्षात ठेवत नाही. म्हणून दालनाची कल्पना मला मनापासून आवडली होती.

दालनाचा मुख्य फोटो एका बाईचा होता. ती फळीच्या टोकाकडे झेपावते आहे, एक गुडघा वर, दोन्ही हात वर, डोक्यावर रबरी टोपी, नजर खाली फळीवर. हातांमुळे आणि टोपीमुळे चेहरा दिसतच नाही. मागे खुर्च्यांवर पांढऱ्या बुशशर्टातले दोन जज. राष्ट्रीय स्पर्धेत दिल्लीच्या बाईने सुवर्णपदक जिंकलं ती हीच उडी, असं मला सांगितलं होतं. खाली नाव जायचं होतं प्रेम भल्ला. फोटो प्रेमजींच्या मुलाने दालनाच्या डिझायनरला पाठवला होता आणि त्याच्याकडून तो माझ्याकडे आला होता. भल्लासाहेब गुरुग्रामचे बिल्डर, आणि दालनाचा सगळा खर्च तेच करत होते.

दालनाचं आमंत्रण या फोटोसकट व्हॉट्सॲपवर फिरत फिरत इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आलं आणि ग्रेस साळवे या निवृत्त सरकारी अधिकारी बाईंनी तलावाच्या सेक्रेटरींना फोन केला, की फोटोतली बाई मी आहे. सेक्रेटरी खुराना यांनी ती धोंड माझ्या गळ्यात मारली. “आप भी महाराष्ट्र से, वो भी महाराष्ट्र से। प्यार से समझा दीजिए,” एवढंच ते म्हणाले. म्हणजे बाईंना गोड बोलून परत पाठवायचं होतं.

ग्रेसताई मयूर विहारहून मेट्रोने आल्या. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ. मी पहाडगंजच्या मराठी शाळेतली हे कळल्यावर त्यांनी ‘तुम्ही’ सोडून ‘तू’ धरलं.

“पाय उलटा म्हणजे?” मी विचारलं.

त्यांनी समजावून सांगितलं. फळीवर चालत येऊन शेवटची झेप घेतात तिला हर्डल म्हणतात. एका पायावर उडायचं, दुसऱ्याचा गुडघा वर घ्यायचा आणि दोन्ही पायांनी फळीच्या टोकावर उतरायचं. कुठला गुडघा वर घ्यायचा ती सवय लहानपणी लागते आणि मग बदलत नाही. ग्रेसताईंचा डावा होता. फोटोत उजवा वर होता.

“मग ही तुम्ही कशी?”

“खांदे माझे आहेत. पोटऱ्या माझ्या आहेत. आणि प्रेम कुठे गेली? ती खाली शिडीपाशी उभी होती, टॉवेल गुंडाळून. माझ्यानंतर तिचा नंबर होता.”

मी फोटो मोठा करून दाखवला. शिडीपाशी कुणीही नव्हतं. फोटोत शिडीच नव्हती.

त्यांच्याकडे दुसरा एखादा फोटो आहे का, असं मी विचारलं. एकही नव्हता. वडील कडक होते. मुलीने उड्या माराव्यात याला त्यांची हरकत नव्हती, पण पोहण्याच्या कपड्यातला तिचा फोटो घरात नको होता. पेपरातलं कात्रणसुद्धा त्यांनी फाडून टाकलं होतं. हा एक फोटो एका फोटोग्राफरने टीमला दिला, पण तो ग्रेसताईंनी बघायच्या आधीच प्रेमने निरोप धाडला, माझ्याकडे राहू दे, तुझं लग्न झालं की घेऊन जा. मग लग्न आधी प्रेमचंच झालं, ग्रेसताईंची बदली नागपूरला झाली, आणि भेट राहिली ती राहिलीच. प्रेमजी तीन वर्षांपूर्वी वारल्या.

“मी स्वतःला हवेत कधी पाहिलेलं नाही गं,” ग्रेसताई म्हणाल्या. “मार्क ऐकले, टाळ्या ऐकल्या. पण मी दिसत कशी होते ते मला माहीत नाही.”

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणूनच मनात शंकेची पाल चुकचुकली. गोष्ट फारच बेतलेली होती. फोटो मैत्रिणीकडे, मैत्रीण वर, वडील वर. साक्षीला कुणी नाही, स्पर्धेचे कागदही कुणाकडे उरलेले नाहीत. जी खूण सांगितली ती फोटोत नाही, आणि जो पाय सांगितला तो दुसराच. त्यांना सोडायला मी खाली गेले, तेव्हा गल्लीत कुणीतरी फरशी उखडून ठेवली होती. ग्रेसताईंनी साडी किंचित उचलली आणि तो खड्डा ओलांडला. मी पायांकडेच बघत होते. डावा पाय आधी वर गेला. तेवढं तरी खरं होतं.

वर येऊन मी कामाला बसले. त्या फोटोवरचे ओरखडे माझे काढून झाले होते, आता मागची गर्दी राहिली होती. जजच्या शर्टावर एक डाग होता. तो भरताना माझा हात थांबला. जजच्या खिशाला पेन होतं आणि खिसा उजव्या छातीवर होता. शेजारच्या जजचाही खिसा उजवीकडेच. शर्टाचा खिसा डावीकडे असतो. माझ्या वडिलांचा होता, नवऱ्याचा आहे, अख्ख्या करोल बागेत डावीकडेच शिवतात. एकाच्या शिंप्याने चूक केली असेल, दोघांच्या नाही.

मी फोटो आरशासारखा उलटवला. खिसे जागेवर आले आणि डावा गुडघा वर गेला.

आता माझा संशय ग्रेसताईंवरून उठून सरळ भल्लासाहेबांवर जाऊन बसला. पैसा त्यांचा, दालन त्यांचं, फोटो त्यांच्या घरचा. आईचा पाय उजवा असणार हे त्यांना माहीत असेल आणि म्हणून त्यांनी फोटो फिरवला असेल. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी खुरानांना फोन लावला.

“मॅडम, आप फोटो साफ़ कीजिए,” ते म्हणाले. “नाम किसका जाएगा वो कमेटी देखेगी।”

“कमेटी में कौन है?”

“भल्लाजी हैं। मैं हूँ।” थोडं थांबून ते म्हणाले, “देखिए, वो आपकी तरफ़ की हैं, मैं समझता हूँ।”

म्हणजे त्यांचाही माझ्यावर संशय होताच. दोन मराठी बायकांनी चहा पिता पिता संगनमत केलं, असा. मग मी दालनाच्या डिझायनरला विचारलं. तो पोरगा जराही गडबडला नाही. फोटो त्यानेच फिरवला होता. पॅनल भिंतीच्या डाव्या टोकाला होतं आणि मूळ फोटोत बाई बाहेरच्या बाजूला उडी मारत होती. “जंप अंदर की तरफ़ आनी चाहिए ना, मैम। नहीं तो लगता है दीवार से बाहर कूद रही है।” हे सगळे करतात. मासिकात, बॅनरवर, लग्नपत्रिकेत सुद्धा. मी कटाच्या शोधात होते आणि हाताला लागली एक साधी सवय. मला थोडी निराशाच झाली.

पण पाय सुलटा झाला तरी शिडी नव्हती आणि टॉवेलवाली प्रेमही नव्हती. डिझायनरकडे आलेली मूळ फाइल मी मागवली. ती फोनने, काचेवरून काढलेली होती. काचेत ट्यूबलाइट चमकत होती. फोटो फ्रेममध्ये होता आणि भोवती माउंट होतं. माउंट म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये बसवलेला जाड पुठ्ठा, त्याला मधोमध खिडकी कापलेली असते. खिडकीतून फोटो दिसतो, कडा पुठ्ठ्याखाली जातात. इथे खिडकी मधोमध नव्हती. उजवीकडचा, म्हणजे बाईच्या पाठीमागचा पुठ्ठा डावीकडच्यापेक्षा चांगलाच रुंद होता. फ्रेमवाला अशी चूक करत नाही. अशी खिडकी कुणीतरी सांगितली तरच कापली जाते.

मी गुरुग्रामला गेले. भल्लासाहेब अदबीने वागले, पण फ्रेम उघडायचं नाव काढताच त्यांचा चेहरा बदलला.

“ये मम्मी ने खुद बनवाया था, आपके करोल बाग से। इसे कोई नहीं खोलेगा।” मग सावकाश म्हणाले, “उस लेडी ने भेजा है आपको?”

मी म्हटलं, मला पुठ्ठ्याने पाठवलंय. जुना पुठ्ठा हलक्या प्रतीचा असला की त्यातलं आम्ल हळूहळू फोटोत उतरतं. खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ धरली होती, ती मी बोटाने दाखवली. तसाच ठेवला तर काही वर्षांत फोटो जाईल. हे शंभर टक्के खरं होतं. माझं कारण ते नव्हतं, एवढंच.

त्यांनी बराच वेळ फ्रेमकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली. मी डायनिंग टेबलावर चादर अंथरली, मागची पट्टी कापली, खिळे काढले आणि पुठ्ठा उचलला.

पुठ्ठ्याखालचा भाग उन्हाने विटलेला नव्हता. बाकीचा फोटो पिवळट, आणि ती पट्टी काल धुतल्यासारखी काळीपांढरी. तिच्यात शिडी होती. शिडीपाशी एक मुलगी टॉवेल गुंडाळून, ओल्या केसांनी, मान वर करून उडीकडे बघत उभी होती. तोंड किंचित उघडं. चेहरा स्पष्ट होता. मला विचारायची गरजच पडली नाही, कारण समोर बसलेल्या माणसाचं नाक तेच होतं.

“मम्मी,” भल्लासाहेब म्हणाले.

मी पुठ्ठा बाजूला ठेवला.

“तो ऊपर वाली?”

“ग्रेस साळवे. उन्होंने बिना देखे बता दिया था कि आपकी मम्मी यहाँ खड़ी हैं।”

त्यांनी फोटो स्वतःकडे ओढला. आईचे लग्नाआधीचे फोटो त्यांच्याकडे नव्हतेच. लहानपणापासून या भिंतीवरच्या बिनचेहऱ्याच्या बाईला ते आई समजत आले होते आणि खरी आई दोन बोटं बाजूला पुठ्ठ्याखाली होती. मला त्यांची दया आली. ज्या माणसाला मी दोन दिवस लबाड ठरवून बसले होते, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“मम्मी ने कभी कहा नहीं कि ये मैं हूँ,” ते म्हणाले. “हमने पूछा भी नहीं। बस, मान लिया।”

मी मान डोलावली. पण ‘ही मी नाही’ असंही त्या कधी म्हणाल्या नव्हत्या, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. एका बाजूला सरकवलेली ती खिडकी त्यांनीच कापून घेतली होती. सासरी स्वतःचा पोहण्याच्या कपड्यातला फोटो लावायची लाज वाटली म्हणून, की घराने उडी आपली समजावी म्हणून, हे आता कोण सांगणार. ती शंका मी भल्लासाहेबांना बोलून दाखवली नाही.

पुढचं सगळं सरळ झालं. खुरानांनी कमिटीचं नाव पुन्हा काढलं नाही. फोटो पूर्ण लागला, कडेसकट आणि सुलटा, त्यामुळे उडी भिंतीच्या बाहेर जाते आणि डिझायनर अजून माझ्याशी नीट बोलत नाही. खाली दोन नावं आहेत. हवेत ग्रेस साळवे, शिडीपाशी प्रेम भल्ला. दोन्ही नावं सारख्या अक्षरांत असावीत, एवढीच भल्लासाहेबांची अट होती.

उद्घाटनाच्या दिवशी ग्रेसताई फोटोसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता स्वतःला डोळे भरून बघतील. त्यांनी पायाकडे एक नजर टाकली, “हं, आता बरोबर,” म्हणाल्या, आणि मग प्रेमकडेच बघत राहिल्या.

मला राहवलं नाही. मी हळूच त्यांना पुठ्ठ्याच्या त्या सरकवलेल्या खिडकीबद्दल सांगितलं.

“तिने स्वतःला झाकलं, आणि मला भिंतीवर ठेवलं?” त्यांनी विचारलं. “आणि मी इतकी वर्षं समजत होते की तिने माझा फोटो फेकून दिला. म्हणून तर कधी मागायला गेले नाही.”

घरी येताना त्यांच्या बोलण्यातही काही खोट सापडते का ते मी पाहिलं. सापडली नाही. तेव्हापासून स्टुडिओत मी एक नियम केला आहे. आधी फ्रेम उघडायची, मग शर्टाचे खिसे बघायचे, आणि माणसांवर संशय त्यानंतर घ्यायचा. पहिल्या दोन गोष्टी मला आता जमतात.