विल्सनकाकांचे अठराशे ग्रॅम

विल्सनकाका साळवींनी वजन कमी करायला सुरुवात केली ती मिशीपासून. पोटाचं वजन नव्हे, पोट त्यांना कधी नव्हतंच, पाठीवरच्या सॅकचं. "काका, मिशी सॅकमध्ये नसते," मी म्हणालो. "मिशी नसते रे मंग्या, पण मिशीची कात्री असते. एकवीस ग्रॅम!" पुढच्या आठवड्यात त्यांनी ब्रशची दांडी अर्धी कापली, कंगवा मधोमध तोडला (टक्कल पडलेल्या माणसाला अख्खा कंगवा म्हणजे उधळपट्टी, असं त्यांचं मत), पँटचे मागचे खिसे उसवले आणि साबणाच्या वडीला भोक पाडलं. भोकातून निघालेला साबण मला भेट दिला, आणि भोक किती ग्रॅमचं भरलं तेही सांगितलं.

काका आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि गिरगावात एका जिन्याखाली त्यांचं बाईंडिंगचं दुकान होतं. दुकान एवढं लहान की जाडा ग्रंथ आला तर काका बाहेर बसत. पण हात असा, की त्यांनी बांधलेलं पुस्तक तिसऱ्या मजल्यावरून फेकलं असतं तरी फरशी फुटली असती, शिवण सुटली नसती. कुणी पानाचा कोपरा दुमडला की ते त्या माणसाचा कान धरायचे, अगदी खराखुरा. "दुखतं ना? त्यालाही दुखतं. त्याने बिचाऱ्याने काय केलंय तुझं?" या धोरणापायी त्यांची निम्मी गिऱ्हाइकं गेली. उरलेल्या निम्म्यांचे कान लांब झाले, असं मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ते खोटं ठरवलेलं नाही.

तर भंडारदऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंत डोंगराच्या धारेने अठरा दिवस चालायचं, असा चाळीतल्या आम्हा सात जणांचा बेत ठरला होता. पुढारी होती तिसऱ्या मजल्यावरची सुजाता. दिवसा बँकेत, आणि सुट्टीत लोकांच्या सॅका उचकणं हा तिचा धर्म. सॅक नऊ किलोच्या वर गेली तर माणूस घरी, असा तिचा नियम. निघायच्या आदल्या संध्याकाळी चाळीच्या अंगणात तिने काटा टांगला. सगळ्यांच्या सॅका पास झाल्या. काकांची भरली दहा किलो आठशे.

"काका, तुम्ही तर मिशी काढलीत!" सुजाता म्हणाली.

काकांनी खाली मान घालून सॅकच्या तळातून चामडी बांधणीचं बायबल काढलं. अठराशे ग्रॅम. बरोब्बर.

हे बायबल रिबेकाकाकूंचं. काकू आणि काका रोज दिवेलागणीला त्यातला एक अध्याय मोठ्याने वाचायचे. वाचून झाला की काकू समासात पेन्सिलची एक बारीक काडी मारायच्या. सव्वातीन वर्षांत एक फेरी पुरी, की पुन्हा पहिल्या पानापासून. काकू गेल्यावर वाचन आणि काडी दोन्ही काकांकडे आली. आता आठवी फेरी चालू होती, आणि इतक्या वर्षांत एकही संध्याकाळ कोरी गेली नव्हती.

अंगणात सल्ल्यांचा पाऊस पडला. मी माझ्याकडचा खिशात मावणारा नवा करार आणून दिला. काका म्हणाले, "हे म्हणजे इंटरव्हलनंतर सिनेमाला जाणं." कुणीतरी पातळ कागदाची इंग्रजी प्रत आणली, अक्षर खसखशीएवढं. "हे वाचायचं तर देवालाच चष्मा लागेल." मोबाईलमध्ये घ्या म्हटलं, तर म्हणाले, "आणि चार्जिंग संपलं की देवाचं दुकान बंद?"

शेवटी सुजाताने व्यवहार सांगितला. "अठरा दिवसांचे अठरा अध्याय. झेरॉक्स काढा ना!"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांचीच झेरॉक्स मागितली होती. "अगं, तिला सह्याद्री धारेवरून बघायचा होता. गुडघ्यांनी दगा दिला. मी म्हटलं होतं, एक दिवस नेईन. आता ह्यातली अठरा पानं नेऊ? अर्धी बायको घरी ठेवून कोण फिरायला जातं?"

सुजाता वरमली, पण काटा वरमत नाही. "काका, एक तर ते, नाहीतर तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले ते बोटांना सरस लागलेला, डोळे लाल. पानाचा कोपरा दुमडला म्हणून जगाचे कान पिळणाऱ्या या माणसाने रात्री स्वतःच्या हाताने शिवण उसवून बायकोचं बायबल सोडवलं होतं. पुठ्ठे नाहीत, चामडं नाही; नुसत्या घडीच्या जुड्या. बाईंडर त्यांना जुज म्हणतात. "कपडे घरी ठेवलेत," काका म्हणाले, "बाई तीच आहे." मग त्यांनी पत्ते वाटावेत तसे जुज आम्हा बाकीच्या सहा जणांत वाटले. प्रत्येकाला पावशेर. वाटणीतही खोडी होतीच. सगळे कायदेकानू सुजाताला. शहाणपणाची वचनं मला, "तुझ्याकडे जागा रिकामी आहे" म्हणून. आणि पानंच्या पानं वंशावळींची नावं होती ती दत्तू परबला, कारण दत्तूचा जन्म रेशनिंगच्या खिडकीत नावं पुकारण्यात गेला होता.

मग रोज संध्याकाळी जिथे मुक्काम तिथे काका हाळी देत, "आज कोणाकडे?" ज्याच्याकडे असेल तो सॅकमधून जुज काढी. सुकटीचा वास लागलेला, घामाने दमट, पण हजर. काका वाचत, काडी मारत, आणि जुज समोर धरून तिला समोरचा डोंगर दाखवत. "हा बघ हरिश्चंद्रगड. फोटोत दिसतो त्याहून बराच तिरसट आहे." आम्ही सहा जण त्या वेळी बुटांच्या नाड्या बांधायचो. बांधलेल्याही पुन्हा बांधायचो.

आठव्या दिवशी भीमाशंकरला दत्तूचा गुडघा पपईएवढा झाला. सुजाताने त्याला सकाळच्या एस.टी.त बसवून मुंबईला धाडलं आणि आम्ही पुढे निघालो. संध्याकाळी एका वाडीच्या वर, पठारावर सॅका टाकल्या. काकांनी हाळी दिली, "आज कोणाकडे?"

सगळ्यांनी आपापल्या सॅका उचकल्या. मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. आजचा अध्याय दत्तूकडे, आणि दत्तू लालबागला.

काका मटकन खाली बसले. मला त्या माणसाचा चेहरा बिनमिशीचाही ओळखीचा झाला होता, पण तो असा कधी पाहिला नव्हता. "चुकली रे," एवढंच म्हणाले. "आज चुकली."

"अजून सूर्य आहे," सुजाता म्हणाली. कड्याच्या टोकाला एक कातळ होता. वाडीतले लोक म्हणाले, तिथे डावा पाय उचलून उभं राहिलं तर मोबाईलला रेंज येते. सत्तरीला टेकलेले विल्सनकाका एका पायावर उभे, खाली दोन हजार फूट दरी (मी मोजली नाही, पण कमी सांगायची मला सवय नाही), मागून आम्ही पाच जण त्यांचा पट्टा धरून ओढतोय, आणि मोबाईलमध्ये उरलीय चार टक्के बॅटरी. स्पीकर लावला. दत्तूने उचलला.

"दत्तू, जुज काढ. लवकर. वाच."

पलीकडून दत्तूचा पडलेला आवाज, "काका, ते... देव्हाऱ्यात आहे."

झालं होतं असं, की दत्तूच्या सॅकमध्ये त्याच्या बायकोला, परबवहिनींना, सुट्या पानांची जुडी सापडली. सुटी पानं म्हणजे पोथी, मग ती कोणाची का असेना. वहिनींनी ती लाल फडक्यात बांधली, हळदकुंकू वाहिलं आणि गणपतीशेजारी ठेवली. आणि दत्तूने, आठ दिवस पिठलं-भात खाऊन वैतागलेल्या दत्तूने, घरी येण्याआधी दादरला उतरून खानावळीत तळलेले बोंबील हाणले होते. सोमवारी.

मागून वहिनींचा आवाज आला. "सोमवारी बोंबील खावन पोथयेक हात लावतास? आधी आंघोळ!"

"अगं, फोन चालू आहे! काका कड्यावर उभे आहेत!"

"कड्यावर असांदेत नायतर आभाळात. आंघोळ!"

काका ओरडले, "वहिनी, आम्ही बोंबील खाऊनच वाचतो हो!"

"तुमच्याकडे वाचा, भावोजी. माझ्या देव्हाऱ्यातून उचलायचं तर माझे नियम."

तीन टक्के. सूर्य डोंगराला टेकला. काकांचा पाय थरथरायला लागला, आणि त्यांच्या पट्ट्याला लोंबकळलेलो आम्हीही. सुजाताच पुढे वाकून ओरडली, "वहिनी, तुमचा आज उपास ना? मग तुम्हीच वाचा!"

मग पदर खोचल्यासारखा एक सुस्कारा, फडक्याची सळसळ, आणि परबवहिनींनी पोथीच्या चालीवर सुरुवात केली. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका. अशी नावं, की उच्चारताना जीभ ठेचकाळावी. पण वहिनी थांबल्या नाहीत. फोनमधून कळत होतं, की चाळीच्या गॅलरीत गर्दी जमतेय. "कोणाची पत्रिका जुळवतायत?" असं कुणीतरी विचारलेलंही आम्ही कड्यावर ऐकलं.

दहा-पंधरा पिढ्या झाल्यावर वहिनी अडल्या. "भावोजी, एक विचारू? एवढे बाप आणि एवढे मुलगे. ह्यांच्या आया खंय गेल्या?"

काका एका पायावर हसायला लागले. इतके, की आम्हाला घाम फुटला. "वहिनी, उजवीकडे समासात बघा. पेन्सिलने काय लिहिलंय?"

वहिनींनी चष्मा शोधला असावा. मग हळू वाचलं, "'आणि आया?'" आणि म्हणाल्या, "रिबेकाचा अक्षर."

"पहिल्या फेरीत विचारलं होतं तिने," काका म्हणाले. "मी अजून उत्तर शोधतोय. वाचा पुढे."

वहिनींनी अध्याय संपवला. पेन्सिल सापडेना, म्हणून कुंकवाच्या बोटाने काडी मारली. एक टक्का उरला होता, तोही मग गेला. नावं संपेपर्यंत पुढच्या संध्याकाळीही आम्ही वाटेतल्या वाडीत मोबाईल चार्ज करून वहिनींकडूनच ऐकलं. महाबळेश्वरहून परतल्यावर काकांनी सगळे जुज पुन्हा शिवले, हळदकुंकवाचे डाग तसेच ठेवून. पुसायचं औषध त्यांच्या दुकानात बाटलीभर होतं.

पुढे साखरेने काकांची नजर अधू झाली, आणि वाचन आपोआप परबवहिनींकडे गेलं. रोज दिवेलागणीला गॅलरीत काकांची खुर्ची, समोर वहिनी, आणि वाचून झालं की वहिनींच्या हातचं जेवण. त्या ट्रेकनंतर अडीच वर्षांवर थोडे दिवस झाले आणि काका एका दुपारी खुर्चीतच गेले. दुसऱ्या दिवशी दफन करून आम्ही परत आलो, अंगणातच घोटाळत राहिलो. वहिनी आंघोळ करून खाली आल्या, हातात बायबल. "आजचा राहिलाय," म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या.

त्या दिवशीचा अध्याय काय खावं आणि काय खाऊ नये याचा निघाला. वहिनी वाचत गेल्या. पाण्यातल्या ज्यांना पर आणि खवले नाहीत, ते खाऊ नयेत, असं काहीसं आलं आणि त्या थबकल्या. मनातल्या मनात बाजाराची टोपली धुंडाळत असाव्यात. मग समासाकडे पाहिलं. एकाखाली एक, ओळीने, आठ काड्या.

"बघा तरी ह्या माणसाक!" वहिनी म्हणाल्या. "आठ येळा ह्या वाचल्यान, आठ येळा काडी पडली, आणि परवाच्या रात्री माझ्याकडची कोळंबी वाटीभर मागून खाल्ल्यान!"

अंगणात पहिला दत्तू हसला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, उरलेला अध्याय शेवटपर्यंत वाचला आणि पेन्सिलीसाठी माझ्यापुढे हात केला.