भिंतीची उबदार बाजू

"चष्मा बदलायला हवा की डोकं, तेच कळेनासं झालंय मला," आमच्या ऑफिसातले अंकल जिन्यात उभे राहून बायकोशी फोनवर बोलत होते. "नाही गं, दुसऱ्या कुणाची कशी असेल? ड्रॉइंगवर नाव माझंच आहे ना. चूक माझीच."

मी अर्धा मजला वर होते, हातात भरलेली पाण्याची बाटली. माझी चाहूल लागली तशी त्यांनी वर पाहिलं, हसून हात केला आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. माझ्यासमोर मराठी बोलताना ते आवाज कमी करत नसत. मला ते समजत नाही, अशी त्यांची समजूत होती.

ती मीच करून दिली होती. हार्बरफ्रंट भागातल्या त्या ऑफिसातला माझा पहिला दिवस. माझं आडनाव वाचून ते उठून माझ्या टेबलापाशी आले. "अरे वा, आपल्याच की! मूळच्या कुठल्या तुम्ही?" आजूबाजूच्या पाच-सहा माना वळल्या. मी म्हटलं, "आय ॲम फ्रॉम हिअर." बस, एवढंच. ते इंग्रजीत "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणाले आणि जागेवर गेले. त्यानंतर ते माझ्याशी नेहमी इंग्रजीतच बोलले, अडखळत, शब्द जुळवत. घरी, तोआ पायोहच्या आमच्या वस्तीत, आम्ही मराठीच बोलतो. पण बाहेरच्या माणसापुढे माझ्या चुका निघतील याची मला भीती वाटायची. आणि त्यांच्याशी मराठीत बोलले तर बाकीचे मला त्यांच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्याच रांगेत बसवतील, याचीही. हे दुसरं कारण मी स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केलं.

वयाने ते ऑफिसात सगळ्यांत मोठे. पुण्याहून आलेले, पासवर, म्हणजे परदेशी माणसाला मिळणाऱ्या मुदतीच्या परवान्यावर, नोकरी करणारे. सगळे त्यांना 'अंकल' म्हणत. आमच्या टीमचं काम एका बर्फाळ देशातल्या घरांच्या भिंतींची ड्रॉइंग काढण्याचं. भिंत उभी कापली तर आत काय काय दिसेल, ते थरांनी दाखवायचं: आतला बोर्ड, मग उबेसाठी भरलेली लोकर, मग बाहेरचा बोर्ड, मग फळ्या. आणि या सगळ्यात एक तुटक रेघ. ती रेघ म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पडदा. हवेतली वाफ भिंतीत शिरू नये म्हणून तो लावतात.

तो कुठल्या बाजूला लावायचा, यावर सगळं असतं. थंड देशात घराच्या आत ऊब असते. लोक स्वयंपाक करतात, अंघोळी करतात, नुसते श्वास घेतात, आणि ती सगळी वाफ भिंतीतून बाहेर जायला बघते. वाटेत गार पडली की तिचं पाणी होतं. म्हणून पडदा आतून, उबदार बाजूला. इकडे, विषुववृत्ताजवळच्या आमच्या बेटावर, उलट. ऊब आणि वाफ दोन्ही बाहेर, आणि आत एसी. इथे बसच्या काचेवर वाफ धरते ती बाहेरून. आत बसून कितीही बोट फिरवलं तरी ती पुसली जात नाही. या टीममध्ये येण्याआधी मी इथल्याच बुकित बातोक भागातल्या एका शीतगृहाच्या भिंती काढल्या होत्या. तिथे पडदा आतून दाखवला म्हणून मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. ते माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की ओल बाहेरूनच येते, हे मला शिकलेलं वाटत नसे, दिसलेलं वाटे.

मार्चमध्ये त्यांची एक शीट माझ्याकडे आली. फक्त अक्षरांचे आकार सारखे करायचे होते. मला ती तुटक रेघ आतल्या बाजूला दिसली आणि वाटलं, अंकल चुकले. मी ती उचलून बाहेरच्या बाजूला नेली. त्यांना विचारलं नाही. विचारायला बोलावं लागलं असतं. वर मला छान वाटत होतं. एका वयस्कर माणसाची चूक गाजावाजा न करता झाकली, म्हणून. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून निघाले ती अगदी हलक्या पावलांनी.

शीटवर काढणारे म्हणून त्यांचं नाव राहिलं. तपासणाऱ्याने वरवर पाहिलं आणि ती तिकडे गेली. त्याबरहुकूम नमुन्याचं एक घर बांधलं गेलं. हिवाळ्यात आतली कामं करायला मोठे हीटर लावले होते, नवा गिलावा वाळत होता. कुणाला तरी भिंतीवर डाग दिसला म्हणून बोर्ड काढला, तर आतली लोकर पिळून काढावी इतकी ओली, आणि बाहेरच्या बोर्डावर आतून बर्फाचा थर. फोटो आला तेव्हा आम्ही सगळे एकाच स्क्रीनभोवती उभे होतो.

"अय्या, अंकल नेव्हर सी स्नो, हाउ टू ड्रॉ?" कुणीतरी इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणालं. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी अंकलच्या मॉनिटरवर कागदी पेंग्विन चिकटवलेला होता. त्यांनी तो काढला नाही. "माय न्यू बॉस," म्हणाले. त्यावरही लोक हसले. मीसुद्धा.

फोटो पाहताच मला सगळं कळलं होतं. मी माझ्या जागेवर जाऊन जुनी, मी बदल करण्याआधीची फाइल उघडली. त्यांची रेघ होती तिथेच होती, आत, उबदार बाजूला. फाइल बंद केली. ती उघडून बघावी असं दुसऱ्या कुणाच्या मनातही आलं नाही. खुद्द त्यांच्याही नाही.

पासच्या नूतनीकरणाचा अर्ज त्याच महिन्यात जायचा होता. बॉसने त्यांना सांगितलं, आधी लेखी खुलासा द्या, मग अर्जाचं बघू. हे मला जिन्यातूनच कळलं. त्यांच्या मुलीचं दहावीचं वर्ष होतं. "परीक्षेपर्यंत तरी नोकरी राहू देत म्हणावं," असं ते बायकोला म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसतं "हं... हं" करत राहिले.

पुढचा आठवडाभर मी रोज सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कबुलीचं वाक्य जुळवायचे आणि ऑफिसात शिरताच ते विरून जायचं. मी नागरिक होते. माझी नोकरी गेली असती तरी मला देश सोडावा लागला नसता. हा हिशेब मला स्पष्ट दिसत होता आणि तरीही मी बोलत नव्हते. तेवढ्या दिवसांत ते बदलत गेले. पाच मिनिटांचं साधं ड्रॉइंग छापून घ्यायचे, उबदार बाजूला लाल आणि गार बाजूला निळी पेन्सिल फिरवायचे आणि मला आणून दाखवायचे. "यू सी वन टाइम, प्लीज? आय ॲम नॉट शुअर नाउ." वीस-बावीस वर्षं भिंती काढलेला माणूस. मी बघायचे. सगळं बरोबर असायचं. "इट्स ओके," म्हणून परत द्यायचे.

शुक्रवारी दुपारी त्यांनी एक कागद आणला. तोच खुलासा. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून मी एकदा वाचून द्यावं, अशी त्यांची विनंती होती. त्यात त्यांनी लिहिलं होतं, "पडद्याची बाजू माझ्या निष्काळजीपणाने चुकली. मी आतली बाजू काढली असं मला आठवत होतं, पण माझी आठवण बरोबर नसावी."

मी पेन घेतलं आणि तो कागद दुरुस्त केला. खरंच केला. एक शब्द खोडून दुसरा घातला, दोन वाक्यं जोडली, शेवटची ओळ अधिक नम्र केली. आजही मला त्या रेघेपेक्षा त्या पेनाची जास्त लाज वाटते. त्यांनी कागद घेतला, "थँक यू, सो नाइस" म्हणाले, नवी प्रत छापली आणि बॉसच्या खोलीकडे निघाले. शर्ट पुन्हा नीट खोचला. दारापाशी थांबून केसांवरून हात फिरवला.

मी उठले तेव्हा माझी खुर्ची मागे कपाटावर आपटली आणि सगळ्यांनी पाहिलं. मी त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी दारावर टकटक केली होती. आतून "कम इन" ऐकू आलं. मी त्यांच्या हातातला कागद धरला. ते गोंधळून इंग्रजीत काही विचारू लागले, आणि मी म्हणाले, "काका, तुम्ही चुकला नाहीत. ती रेघ मी हलवली, तुम्हाला न विचारता. आत मला जाऊ द्या."