पालखी अठरा घरं पुढे

कोळंबी घरबसल्या तपासता येत नाही, हे माझ्या वडिलांना तीन महिने कळलं नाही आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

बी.एस्सी. झाल्यावर मला रत्नागिरीच्या एमआयडीसीत, मासळीच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. माझ्या आधी सर्वांत जास्त शिकलेले म्हणजे माझे चुलतकाका, आणि ते नववीत दोनदा बसले होते. नोकरी लागली त्या दिवशी बाबांनी मालगुंडच्या बाजारापासून आमच्या वाडीपर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगितलं, "पोरगी सायंटिस झाली." सायंटिस दिवसभर पांढरा कोट घालून कोळंबी धुतलेल्या पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. चार वर्षं चिकटवल्या. मग एक दिवस वाटलं, आता डोक्यालाही काहीतरी काम द्यावं.

म्हणून मी कोडिंगच्या बूटकॅम्पला नाव घातलं. बूटकॅम्प म्हणजे लोक चार वर्षांत शिकतात ते तीन महिन्यांत तुमच्या डोक्यात कोंबणारा ऑनलाइन वर्ग. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. शेवटी आपण स्वतः केलेला प्रोग्रॅम कंपन्यांच्या माणसांसमोर चालवून दाखवायचा. त्यात पास झालात तरच ते पुढे मुलाखतीला बोलावणार. एवढी रजा प्रयोगशाळा देईना, तेव्हा मी राजीनामा दिला. आईला सांगितलं. बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. भात लावून, दुसऱ्यांच्या हापूसच्या बागा राखून ज्या माणसाने मला शिकवलं, त्याला 'कायमची नोकरी सोडली' हे वाक्य कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "कंपनीने घरून काम दिलंय."

बाबांनी पडवीतला माझा लॅपटॉप सगळ्या बाजूंनी पाहिला. "नि कोळंबी कुटं हाय?"

"तिचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर येतात, बाबा."

बाबांना ते पटलं. इतकं पटलं, की त्यांनी ते वाडीला सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारचे पांडूकाका ओली पिशवी घेऊन पडवीत हजर.

"गो रेश्मा, जरा ही बघ. ताजी म्हणून दिलीन मला त्यानं. मला कालची वाटते."

माझा वर्ग चालू होता. स्क्रीनवर माझ्या चुका लाल अक्षरांत एकाखाली एक उभ्या होत्या. पांडूकाकांनी ती लाल रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "एवढी खराब?"

मी पिशवीचा वास घेतला. (त्याला पदवी लागत नाही.) म्हटलं, "काका, खाऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून पडवीत मासळीची रांग लागायची. वर्गात सर विचारत, "रेश्मा, एवढी माणसं कसली?" मी म्हणायची, "सर, नातेवाईक." सगळेच नातेवाईक पिशवी घेऊन का येतात, हे सरांनी कधी विचारलं नाही. सर पुण्याचे होते. भले होते.

अडीच महिने असे गेले आणि शेवटचा प्रोग्रॅम निवडायची वेळ आली. शिमगा तोंडावर होता. शिमग्यात आमच्या ग्रामदेवाची पालखी घरोघर येते आणि ती कधी येणार हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं. अंगण सारवून, रांगोळी काढून, ओटीचं ताट मांडून बायका सकाळपासून रात्रीपर्यंत उंबऱ्यावर उभ्या. मुंबईहून खास आलेले चाकरमानी आंघोळीलासुद्धा घाबरत जातात. मी ठरवलं, गावाने मला एवढं दिलं, आपण गावाला वेळापत्रक देऊ.

पालखीला मोबाईल बांधला असता तर दोन दिवसांत काम झालं असतं. तसं मी आमचे मानकरी धोंडूतात्या यांना सुचवलंही. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय जन्मात काढणार नाही. मग हिशेबाचा मार्ग धरला. ढोलवाल्यांना विचारून विचारून माहिती गोळा केली. साध्या घराला पंधरा मिनिटं. जिथे पोहे मिळतात तिथे वीस. नवा जावई आलाय तिथे पंचवीस, कारण त्याला पालखी नाचवून दाखवायची असते. दीडशे घरं भरली. प्रोग्रॅम सांगू लागला: पालखी आमच्या घरी मंगळवारी दुपारी साडेतीनला. मी ते वेळापत्रक वाडीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'फार तर दहा मिनिटं इकडे तिकडे.' वाडीने होकाराचे अंगठे पाठवले. आयुष्यात पहिल्यांदाच पालखीच्या दिवशी आमची वाडी निवांत झाली.

कंपन्यांसमोर प्रोग्रॅम दाखवायची वेळही त्याच मंगळवारी आली, पावणेअकराला. मला काळजी नव्हती. रेंज फक्त पडवीत येते आणि पालखीही पडवीतच टेकते. पण मध्ये जवळजवळ पाच तास होते. माझ्याच प्रोग्रॅमने सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी बाबा पालखीला खांदा द्यायला गेले. मी इस्त्रीचा कुर्ता घालून बसले, फोनचा आवाज बंद केला. स्क्रीनवर आमचे सर, एका कंपनीचे हसरे गृहस्थ आणि दुसऱ्या कंपनीच्या एक मॅडम. मॅडम हसत नव्हत्या. बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत चाललं होतं. माझं इंग्रजी पाठ केलेलं असल्यामुळे बरं निघालं.

"आता या क्षणी पालखी," मी नकाशावरचा भगवा ठिपका दाखवून म्हटलं, "खालच्या वाडीच्या पहिल्या घरी आहे."

मॅडम म्हणाल्या, "अपवाद काय काय धरलेत?"

"अपवाद नाहीतच, मॅडम. आमची पालखी एकही घर सोडत नाही."

एवढ्यात ढोल ऐकू आला.

मला वाटलं, वारा खालून वर वाहतोय. मी बोलत राहिले. ढोल जवळ आला. मागून आई ओरडत गेली, "गो बाय, हे काय, पालखी आली की! माजं अंगण सारवायचं हाय!" पांडूकाकांच्या घरातून अंगाला साबण लावलेले त्यांचे मोठे चिरंजीव टॉवेलवर बाहेर आले आणि तसेच आत गेले. पलीकडच्या वहिनी नारळ आणायला मालगुंडला गेल्या होत्या. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे त्यांना परत यायला भरपूर वेळ होता. वाडीभर दारं आपटत होती, भांडी पडत होती आणि प्रत्येक घरातून एकच वाक्य येत होतं, "रेश्मानं तर साडेतीन सांगितलीन व्हती."

"हा आवाज कसला?" मॅडमनी विचारलं.

खोटं बोलून मी आधीच तीन महिने दमले होते. म्हटलं, "पालखीचा."

"तुमच्या ठिपक्याप्रमाणे ती अठरा घरं मागे आहे."

"हो, मॅडम."

झालं होतं काय, तर खालच्या वाडीतल्या भावकीतल्या एका सुनेला आदल्या रात्री विरारला मुलगी झाली. सकाळी फोन आला, भावकीला सोयर लागलं. बाळ जन्मलं की दहा दिवस त्या भावकीत देवाचं काही होत नाही. पालखी त्यांच्याकडे मागाहून जाते. भावकीची घरं सलग अठरा. देव सरळ पुढे निघाला. चुलतभावाने मला कळवायला सात फोन केले, ते माझ्या मुक्या फोनमध्ये पडून होते. लहानपणापासून सोयर-सुतक पाळत आलेली मी, पोह्यांना पाच मिनिटं जास्त धरली आणि सोयराला माझ्या प्रोग्रॅममध्ये रकानाच ठेवला नाही.

मी घाईने म्हटलं, "सर, मी पाच मिनिटं कॅमेरा बंद करते."

"बंद करू नका," मॅडम म्हणाल्या. "प्रोग्रॅम चुकतो तेव्हा काय होतं, ते बघू या. कॅमेरा तिकडे फिरवा."

मी फिरवला. नोकरी मागणाऱ्याने दुसरं काय करायचं?

अर्धवट सारवलेल्या अंगणातून पालखी आत आली. पुढच्या दांडीला बाबा, घामाने निथळलेले. पालखी पडवीत टेकली, लॅपटॉपपासून दोन हातांवर. आईने ओल्या शेणाचे हात पदराआड पुसत ओटी भरली. मग धोंडूतात्या नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे घरच्यांचं मागणं मानकऱ्याने देवाला मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी होकार भरायचा. आई तात्यांच्या कानाला लागली. ती काय सांगतेय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"बा देवा म्हाराजा," तात्यांनी वाडीला ऐकू जाईल असा सूर लावला.

"व्हय म्हाराजा," पन्नास माणसं.

"तुझं लेकरू रेश्मा, हिनं कोळंबीच्या कंपनीतली कायमची नोकरी सोडलीन."

"व्हय म्हा..." बाबांचा आवाज मध्येच तुटला. बाकीच्यांनी वाक्य पुरं केलं. पांडूकाकांनीही केलं, पण जरा हळू. त्यांना त्यांच्या पिशव्या आठवल्या असाव्यात.

"तीन म्हैनं बापाला सांगितलान नाय."

"व्हय म्हाराजा."

"ती संगणकाचं शिकते हाय, ती आज परीक्षेला बसलेली हाय. तिची काय चूक-माक झाली असेल ती पोटात घाल, नि तिला चांगली नोकरी लागू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," असं स्क्रीनमधूनही आलं. हसरे गृहस्थ कणकवलीचे निघाले. हात जोडून बसले होते.

मी बाबांकडे बघू शकत नव्हते. पालखीसमोर आवाज चढवायचा नसतो, एवढाच मला आधार होता. बाबांनी कपाळाचा घाम पुसला, माझ्याजवळ आले आणि लॅपटॉपसमोर वाकले.

"नोकरी देणारे ते ह्येच काय गो?"

मी मान हलवली.

बाबांनी आधी नमस्कार केला. मग शाळेत मास्तरांसमोर माझ्यासाठी उभे राहायचे तसे उभे राहिले. "मॅडम, ह्यात पोरीची चूक नाय. सोयर सकाळी कळला, आमी तिला सांगितला नाय. चूक आमची. ही तीन म्हैनं ह्या खुर्चीवरनं उठली नाय. जेवण थंड व्हायचा. मी आपला समजत व्हतो, कोळंबी तपासते. आता एवढा येळ ती जे काय करत व्हती, ता तिला चांगलाच येत असणार. नाय काय?"

सरांनी चष्मा काढून पुसला. बाबा परत दांडीखाली गेले, पालखी उचलली आणि दारात अशी नाचवली, की माझ्या प्रोग्रॅमप्रमाणे आमच्या घरात नवा जावई असायला हवा होता.

संध्याकाळी सरांचा निरोप आला. नापास. आठ दिवसांनी पुन्हा दाखवायचं. ठिपका अठरा घरं चुकल्यावर दुसरं काय होणार? मी निरोप वाचला आणि अंगणात गेले. आईचं राहिलेलं सारवण बाबा स्वतः पुरं करत होते.

"बाबा, रागावलात?"

"रागावायचा व्हता. पण देवासमोर व्हय म्हटलाव ना अर्धा." शेण पसरत ते म्हणाले, "मला सांगायला इतका भ्यालीस?"

"तुम्ही सगळ्यांना सायंटिस म्हणून सांगितलं होतंत."

"त्यांना काय, मी उद्या दुसरा कायतरी सांगीन." मग हात थांबवून त्यांनी विचारलं, "नि ती पांडूची कोळंबी?"

"वास घेऊन सांगायचे."

बाबा इतके हसले, की आई चूल सोडून बाहेर आली.

पुढचे आठ दिवस मी धोंडूतात्यांच्या पडवीत बसून देव केव्हा कुठे जात नाही ते लिहून घेतलं. सोयर, सुतक, मानाचा वाद, वाटेत आडवी गेलेली गुरं, भटजी उशिरा आलेला. एकवीस अपवाद निघाले. दुसऱ्या वेळी मी पास झाले. महिन्याभरात मॅडमच्या कंपनीचं पत्र आलं. प्रोग्रॅम लिहायला त्यांनी मला घेतलं नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम कुठे कुठे चुकतील ते शोधायला घेतलं. मुलाखतीत मॅडम म्हणाल्या, प्रोग्रॅम किती चुकू शकतो याचा तुमच्याइतका अनुभव असलेला उमेदवार आम्हाला मिळाला नाही.

आता मी पुण्याला असते. कोणी विचारलं, तर बाबा सायंटिस म्हणत नाहीत. म्हणतात, "कंपनीनं तिला दुसऱ्यांच्या चुका काढायला ठेवलीन हाय. सोताच्या तिला दिसत नाय. त्या काढायला देवाला पालखीत बसून यावा लागतो."