अब्बांच्या टाकीतला ठोसेवाला

उमेदीची सगळी वर्षं कुवेतला जनरेटरच्या खोलीत काढून अब्बा कायमचे श्रीवर्धनला परतले, तेव्हा त्यांचे कान जवळजवळ गेले होते. ते कबूल मात्र करत नसत. कुणी काही बोललं की नुसती मान हलवायचे आणि उठून वाडीत जायचे.

त्यांचा जीव रमावा म्हणून मी समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी लावून दिली. हरिहरेश्वरच्या खडकांतून ओहोटीला एक भोकाभोकांचा दगड आणला, थोडे मासे आणि चिंबोऱ्या, म्हणजे बारके खेकडे, असं सोडलं. आठवडाभरात चिंबोऱ्या नाहीशा झाल्या. एकीची फुटकी पाठ तेवढी तळाशी सापडली. आणि टाकीतून आवाज यायला लागला, काचेवर नखाने टिचकी मारावी तसा.

"अब्बा, टाकीत काहीतरी वाजतंय."

"हां, हां." त्यांनी मान हलवली.

मी त्यांचा तळवा धरून काचेला लावला. बराच वेळ काही नाही. मग टक्‌! त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"काय हाय गो आत?"

टॉर्च मारला तर दगडाच्या भोकातून देठावरचे दोन डोळे आमच्याकडे बघत होते. एक वर, एक खाली. "कोळंबी दिसते," अब्बा म्हणाले. "मग कालवणात टाकते," अम्मी आतून ओरडली.

मी मोबाइलवर शोधलं. तो मॅन्टिस श्रिम्प होता, कोळंबीचा लांबचा नातेवाईक. काहींच्या पुढच्या पायांना काटे असतात, ते मऊ मासे भोसकतात. काहींचं कोपर फुगीर असतं, ते शिंपले फोडतात. आमचा कुठला? अब्बांनी बाजारातल्या तिसऱ्यांमधला एक बंद शिंपला चिमट्यात धरून भोकाशी नेला. बोटभर लांबीचा हिरवा प्राणी पुढे आला. कोपर मण्यासारखं गुळगुळीत! दोन ठोशांत शिंपला तडकला.

"ठोसेवाला!" अब्बा हसले.

त्याला माशांबरोबर ठेवणं शक्य नव्हतं. काच फुटायची भीती, म्हणून जाड अ‍ॅक्रिलिकची वेगळी टाकी आणली. त्याला ओढून न काढता दगडासकट उचलून नेलं. तळाशी जाड वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे पसरले, वर झाकण बसवलं.

काही दिवसांनी त्याने तेच तुकडे रचून भोक आतून बंद केलं. खाणं बंद, डोळे दिसेनात. अब्बा टाकीपाशी बसून राहिले. शेवटी त्यांनी मला हाक मारली.

"बेटा, जरा कान लाव. आत वाजतंय का? मला ऐकू येत नाही."

हे वाक्य आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. अम्मी हातातलं काम तसंच टाकून दारात उभी राहिली. मी कान लावला. काहीच नव्हतं. "नाही वाजत," मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि उठून गेले नाहीत.

एका सकाळी भोक उघडं होतं आणि बाहेर एक पोकळ, पारदर्शक अंग पडलं होतं, कोपरांसकट. "मेला गो," अब्बा पुटपुटले. तेवढ्यात आतल्या अंधारात डोळे हलले.

"कात टाकलीय त्याने!"

"काय म्हणालीस?"

"कात!"

"कात व्हय!" अब्बा अम्मीकडे वळून म्हणाले. "आता अंग नरम असेल त्याचं. तिसऱ्या नको, कोळंबी सोलून दे."

अम्मीने सोलून दिली. त्याने ती दोन दिवस तशीच पडू दिली, तिसऱ्या दिवशी ओढून आत नेली.